गुरुजी, तू कव्हय येशी?

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याकडच्या एखाद्या शाळेत नव्याने रुजू झालेल्या, देशावरच्या शिक्षकाला पहिल्याच आठवड्यात "गुरुजी, तू कव्हय येशी?" (तू कधी येशील?) असा अहिराणीतला प्रश्न ऐकू आला, तर त्याच्या कपाळावर आठी उमटेल, परंतु अहिराणी घरांत वडीलधाऱ्यांनाही पुष्कळदा एकेरीच बोलले जाते आणि त्यात उर्मटपणा नसून जिव्हाळा असतो. त्याच वर्गात सातपुड्यातून आलेली, घरी पावरी बोलणारी मुलगी काहीच विचारत नाही, आणि तिच्या गप्प बसण्याचा अर्थ 'कच्ची' असा लावला जातो. दोन्ही वेळी ऐकणारा आपल्या घरचे माप दुसऱ्याच्या बोलण्याला लावत असतो.

समोरच्याला काय दिसते, हे ओळखण्याची कुवत मोजणारा एक प्रयोग शिकागो येथील संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केला. चार ते सहा वर्षांच्या मुलांसमोर लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन खेळण्यातल्या मोटारी होत्या. पलीकडे बसलेल्या बाईंना मात्र सर्वांत लहान मोटार दिसत नव्हती. त्यांनी "छोटी मोटार हलव" असे सांगितल्यावर मधली मोटार हलवणे बरोबर ठरत होते. एकच भाषा ऐकत वाढलेल्या मुलांना हे जवळपास निम्म्या वेळाच साधले. दोन भाषा बोलणाऱ्या मुलांना सुमारे तीन-चतुर्थांश वेळा साधले, आणि दुसरी भाषा केवळ कानावर पडत आलेली मुलेही त्यांच्या बरोबरीने उतरली. मुले अवघी 72 होती, त्यामुळे निष्कर्ष फार ताणू नये. तरीही आठवडे बाजारात अहिराणी, भिली, गुजरी आणि गुजराती ऐकणाऱ्या नंदुरबारच्या मुलांकडे हे भांडवल आधीच आहे, आणि शाळा त्यालाच 'अशुद्ध बोलणे' म्हणते, याचे वाईट वाटते.

नुसते शेजारी बसवून मात्र भागत नाही. टेक्सासमधील ऑस्टिन येथे 1971 मध्ये गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुले प्रथमच एका वर्गात आली तेव्हा तंटे वाढले. एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने धड्याचे तुकडे करून गटातील प्रत्येकाला एकच तुकडा दिला, त्यामुळे सोबत्याचे नीट ऐकल्याशिवाय धडा पुरा होईना. आपल्याकडे तापीचा पाठ असा वाटता येईल: मुलताईचा उगम एकाकडे, गिरणा आणि पांझरा या उपनद्या दुसऱ्याकडे, गोमाई ही उपनदी पावरी बोलणाऱ्या मुलीकडे. स्नेहसंमेलनात एकमेकांचे पोशाख घालून नाचण्यापेक्षा याचा उपयोग अधिक, असे माझे मत आहे.

गटात बोलण्याआधी त्या मुलीला वेळ मिळाला पाहिजे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी 1970 च्या सुमारास केलेल्या निरीक्षणांत, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबत असल्याचे आढळले. ती वाट तीन सेकंदांपर्यंत वाढवताच उत्तरे लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. मराठीतला प्रश्न मनात पावरीत नेऊन उत्तर पुन्हा मराठीत आणणाऱ्या मुलीचा पहिला सेकंद तर प्रश्न समजण्यातच जातो.