कुंपणात करंट सोडणे

शेताभोवती उघडी तार ओढून तिच्यात घरच्या किंवा पंपाच्या लाइनची वीज थेट सोडायची, ही प्रथा. पूर्व विदर्भात चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या जंगलाला लागून असलेल्या धानपट्ट्यात ती जास्त दिसते. नेम रानडुकराचा असतो, पण तारेला कोण लागेल हे कोणाच्या हातात नसतं, त्यामुळे रोही (नीलगाय), चितळ, बिबट, वाघ, गावची गुरं आणि रात्री ओलिताला निघालेली माणसं असे सगळेच यात गेलेत.

आधी शब्दाचा घोळ निस्तरावा लागतो. 'करंटचं कुंपण' म्हटलं की लोक दोन अगदी वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरतात. एक ही, थेट लाइनची, आणि दुसरं सौर कुंपण, ज्याच्या डब्याला सगळे झटका मशीन म्हणतात.

झटक्याच्या कुंपणाचा उगम वादाचा आहे. अमेरिकेत १८८६ सालचं एक पेटंट दाखवलं जातं. काही जण रशिया-जपान युद्धात पोर्ट आर्थरला रशियन सैन्याने तारांत वीज सोडली तिथून सुरुवात धरतात, आणि १९१५ च्या सुमारास जर्मनांनी बेल्जियम-हॉलंड सीमेवर उभारलेली साधारण २००० व्होल्टची तार तर माणसं मारायलाच होती. जनावरं अडवायच्या कुंपणाचं श्रेय बहुधा न्यूझीलंडच्या बिल गॅलाघरला देतात, साधारण १९३६-३७. त्याचा घोडा मोटारगाडीला अंग घासायचा म्हणून त्याने गाडीलाच शॉक बसेल अशी जोडणी केली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट जरा जास्तच गोड आहे, पण लढाईची तार आणि शेतातला झटका यांची वंशावळ एक धरू नये हे बरं, कारण एकीचं काम मारायचं आणि दुसरीचं पळवायचं.

फरक व्होल्टमध्ये नाही, वेळेत आहे. झटका मशीन ५ ते १० हजार व्होल्ट देतं, पण ठोका सेकंदाच्या फार छोट्या भागापुरता असतो. आयईसी ६०३३५-२-७६ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तो १० मिलिसेकंदांपेक्षा लांब नसावा, दोन ठोक्यांत निदान १ सेकंद जावा आणि ५०० ओहमच्या भारावर ऊर्जा ५ ज्यूलच्या वर जाऊ नये. म्हणजे जनावर दचकून मागे सरकायला मधे वेळ मिळतो. लाइनच्या २३० व्होल्टला असा श्वासच नसतो. अंगाचा रोध ढोबळ १००० ओहम धरला तर अंगातून २३० मिलिअँपिअर जातात, आणि १० ते १६ मिलिअँपिअरच्या आसपासच हाताची पकड सुटेनाशी होते. त्यापुढे हृदयाचे ठोके बिघडून ते नुसतं थरथरत राहतं, रक्त ढकलत नाही (घरातला आरसीसीबी, म्हणजे गळती पकडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरला ट्रिप होतो तो याच धोक्याच्या हिशोबाने). आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, पण ५ एचपीचा पंप फेजमागे ७-८ अँपिअर ओढतो, त्यापुढे मरणाऱ्या जनावराचं पाव अँपिअर म्हणजे काहीच नाही, त्यामुळे डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरजवळच्या पेटीतला) फ्यूज उडत नाही आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

तार बहुतेक बारीक बाइंडिंग वायर असते, लाकडी खुंट्यांवर गुडघ्याच्या खाली ओढलेली, आणि वीज लाइनवर आकडा टाकून घेतलेली. तारेत फक्त फेज, परतीची वाट जमिनीतून. धानाच्या ओल्या बांधीत ती वाट आणखी सोपी होते. पहाटे तार गुंडाळून ठेवतात, बांधावर खुंट्यांची भोकं तेवढी राहतात.

एप्रिल २०१७ मध्ये विदर्भात गाजलेल्या 'जय' वाघाचा रेडिओ कॉलर लावलेला बछडा 'श्रीनिवास' नागभीड भागात अशाच तारेने मेला आणि पुरलेला सापडला. त्याच वर्षी ऑक्टोबरात ब्रह्मपुरीहून पकडून बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलेली वाघीण वर्धा जिल्ह्यात शेताच्या तारेला लागली. तिला गोळी घालायचा आदेश निघालेला होता, प्रकरण कोर्टात गाजलं होतं, आणि शेवटी मेली ती करंटने.

अशा मृत्यूला अपघात म्हणायचं की शिकार, यावर दोन मतं आहेत. पिकासाठी लावलेली तार, म्हणून अपघात, असं शेतकऱ्यांच्या बाजूने म्हणतात. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यात मारणं, सापळ्यात धरणं आणि तसा प्रयत्न करणं हे सगळं शिकारीच्या व्याख्येत येतं, तेव्हा दुसरं मत जास्त टिकतं. आकड्याची वीज ही वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली चोरी. माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचं कलम लागू शकतं, पूर्वीचं दंड विधानाचं ३०४, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १०५.

सौर कुंपणाला डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं. पण ते सांभाळावं लागतं, पावसात गवत वाढून तारेला टेकलं की झटका जमिनीत गळतो. हिरवी काडी तारेला लावून बोटाला टिचकी बसते का ते बघायची गावची पद्धत, आणि टिचकी बसली नाही की 'मशीनमध्ये दम नाही' म्हणून त्याच तारेला रात्री लाइन जोडणारेही असतात. तार तीच, खांब तेच, बाहेरून बघून काही कळत नाही, आणि सवयीने काडी लावायला जाणाऱ्यालाही नाही.