उंच इमारत वेगळी, दाट वस्ती वेगळी

शहरात झाडांना जागा कशी ठेवायची हा विषय निघाला की दोन पार्ट्या ठरलेल्या. एक म्हणते टॉवर नकोत, घनता वाढते. दुसरी म्हणते टॉवरच हवेत, खाली जमीन सुटते. दोघांनीही उंची आणि घनता एकच धरलीय आणि वर्षानुवर्षं तेच चाललंय.

उंची सगळ्यांना दिसते, ती सोडू. घनता म्हणजे एका हेक्टरवर किती माणसं किंवा किती घरं, बस. एफएसआय अजून तिसरंच, प्लॉटच्या किती पट बांधकाम एवढंच ते सांगतं, त्यात माणसं मोजतच नाहीत.

आता गणित बघा. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, त्यावर एकूण २०,००० बांधायचंय. ४,००० वर ५ मजले चढवा नाहीतर १,००० वर २० मजले, घरं तेवढीच, घनता तीच. मोकळी जागा मात्र ६,००० विरुद्ध ९,०००, आणि इथेच टॉवरवाले खूश होतात.

पण मोकळी म्हणजे हिरवी नव्हे हो! त्या ९,००० मधून रॅम्प, पार्किंग, फायर ब्रिगेडच्या गाडीचा रस्ता वजा करा, शिवाय इमारत उंच झाली की बहुतेक ठिकाणी सामासिक अंतरही, म्हणजे इमारत आणि प्लॉटची हद्द यांच्यात सोडायची जागा, वाढवावं लागतं, मग उरतात ते इकडेतिकडे पट्टे. त्यात प्लॉटभर बेसमेंट असेल तर खाली जमीनच नाही, स्लॅबवर थोडी माती, मोठं झाड धरत नाही आणि पाऊसही मुरत नाही. त्यावर लॉन आणि चार पाम लावून ब्रोशरमध्ये ‘ग्रीन’ लिहितात, याची मला खरंच चीड येते. मला विचाराल तर ५ मजली इमारती कडेने आणि मधे खरी माती असलेला एकसंध चौक, हे कधीही बरं.

अर्थात बुटक्या इमारती बांधल्या म्हणजे बाग वाचली असंही नाही. बार्सिलोनाच्या एशाम्प्ला भागाचा, इंजिनिअर सेर्दाने केलेला १८५९ चा आराखडा बघा, ११३ मीटर बाजूचे चौकोन, बहुतेकांत दोनच बाजूंना बांधकाम आणि मधे बाग. पुढे चारही बाजू भरल्या, वर मजले चढले, आतल्या बागांत वर्कशॉप आणि गॅरेज घुसले, कारण मधली जागा खाजगी मालकीची होती आणि बांधकामाचे नियम सैल होत गेले. त्यातले काही चौक शहराने नंतर परत मोकळे करून लोकांना उघडून दिलेत, तेही एकेक करून.