राजांची जोडी आणि फ्लॉपवरचा एक्का

लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकाराबद्दल (प्रत्येकाच्या हाती दोन पाने, मध्ये सर्वांसाठी सामाईक पाच) एक समज जुना आहे: हाती राजांची जोडी असताना फ्लॉपमध्ये, म्हणजे पहिल्या तीन सामाईक पानांत, एक्का उघडला, की समोरच्याकडे एक्क्यांची वरचढ जोडी असणार म्हणून पाने टाकावीत. सांगलीत घरोघरी रमीसाठी असणाऱ्या कॅटवर हे पडताळता येते. जोकर वगळून दोन राजे, एक एक्का आणि दोन किरकोळ पाने बाजूला काढली, की 47 पाने उरतात व त्यांत एक्के तीनच. दर वेळी पिसून प्रतिस्पर्ध्याची म्हणून दोन पाने शंभरदा काढली, तर एक्का साधारण बारा-तेरा वेळाच निघतो. (प्रतिस्पर्धी तिघे असल्यास सुमारे 34 वेळा, शिवाय एक्केवाला सहसा खेळ सोडत नाही, म्हणून अंदाज थोडा वरच धरावा.) लिमिटमध्ये बोलीची रक्कम ठरलेली असल्यामुळे, शेवटच्या पानानंतर समोरच्याच्या बोलीसह मध्ये सात बोली जमल्या असताना आपल्याला एकच भरावी लागते, आणि आठांत एकदा जिंकले तरी बरोबरी होते. दोघे जण चढाओढीने रक्कम वाढवू लागले, तर मात्र ही जोडी मुकाट्याने टाकलेली बरी.