वंशद्वेषी बोलणं आणि अमेरिकेतली विद्यापीठं: कोणते नियम पडले, काय उरलं

अमेरिकेत एखाद्या विद्यापीठाच्या आवारात वंशद्वेषी घोषणा झाली की दोन मागण्या लगेच पुढे येतात. एक, बोलणाऱ्याला काढून टाका. दुसरी, बोलण्याच्या स्वातंत्र्याला हात लावू नका. या दोन्ही मागण्यांचं मूळ मात्र एकाच ठिकाणी आहे, १९६० च्या आसपासच्या नागरी हक्कांच्या लढ्यात. आज वंशद्वेषी वक्त्यालाही जे कायदेशीर संरक्षण मिळतं, त्याचा मोठा भाग कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी तुरुंगात जाऊन मिळवलेला आहे.

फेब्रुवारी १९६० मध्ये अलाबामा स्टेट कॉलेजच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी माँटगोमेरीच्या कोर्ट इमारतीतल्या फक्त गोऱ्यांसाठीच्या उपाहारगृहात जाऊन जेवण मागितलं. कॉलेजने नऊ जणांना सुनावणी न घेताच काढून टाकलं. त्यावर १९६१ मध्ये केंद्रीय अपील कोर्टाने ठरवलं की सरकारी कॉलेजला आधी आरोप कळवावा लागेल आणि बाजू मांडायची संधी द्यावी लागेल. सरकारी कॉलेजांतल्या शिस्तभंगाच्या आजच्या सुनावण्या या निकालावर उभ्या आहेत. त्याच वर्षी २ मार्चला साउथ कॅरोलायनात १८७ कृष्णवर्णीय विद्यार्थी साधारण पंधरा-पंधराच्या गटांनी राज्याच्या विधानभवनावर चालत गेले. पोलिसांनी पंधरा मिनिटांत पांगा असं सांगितलं, ते गात उभे राहिले, आणि ‘शांतताभंगा’खाली अटक झाली. १९६३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या शिक्षा रद्द केल्या. मत लोकांना आवडत नाही किंवा ऐकणारे चिडतील, एवढ्यावर बोलणाऱ्याला शिक्षा देता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारातलं १९६४ चं विद्यार्थी आंदोलनही याच लढ्यातून निघालं. प्रशासनाने बॅनक्रॉफ्ट आणि टेलिग्राफ रस्त्यांच्या कोपऱ्यावर टेबलं मांडायला बंदी केली. त्या टेबलांवर प्रामुख्याने नागरी हक्क संघटनांसाठी पैसे आणि कार्यकर्ते जमवले जात. १ ऑक्टोबरला अशाच एका टेबलावरच्या तरुणाला अटक झाली, तेव्हा विद्यार्थ्यांनी पोलिसांची गाडी सुमारे ३२ तास अडवून धरली. ८ डिसेंबरला प्राध्यापकांच्या सभेने ८२४ विरुद्ध ११५ मतांनी ठराव केला की विद्यापीठाने बोलण्याच्या आशयावर बंधन घालू नये. पुढे १९७२ आणि १९७३ च्या निकालांत सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की बोलण्याच्या स्वातंत्र्याची हमी देणारी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सरकारी कॉलेजांनाही पूर्णपणे लागू आहे.

मग आलं १९८७ मधलं मिशिगन विद्यापीठाचं प्रकरण. जानेवारीत कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची बैठक चालू असलेल्या खोलीत, त्यांची शिकार आता खुली आहे असं जाहीर करणारं पत्रक टाकलं गेलं. पुढच्या महिन्यात विद्यापीठाच्या विद्यार्थी रेडिओवर वंशद्वेषी विनोद प्रसारित झाले. निदर्शनं सुरू असताना वसतिगृहाच्या खिडकीत कू क्लक्स क्लॅन या गौरवर्णीय वर्चस्ववादी हिंसक संघटनेचा पोशाख टांगलेला दिसला. विद्यार्थ्यांचा संताप रास्त होता. राज्याच्या विधिमंडळात सुनावणी झाली, अनुदान रोखण्याचा इशारा मिळाला. या दबावाखाली विद्यापीठाने १९८८ मध्ये अशा बोलण्याला शिक्षा ठरवणारी आचारसंहिता केली.

ती पडली कशी, हे बारकाईने बघण्यासारखं आहे, कारण तीच चूक आजही होते. आवाराचे तीन भाग केले होते: मोकळे चौक, जिथे फक्त हिंसेला आणि मालमत्तेच्या नासधुशीला मनाई; वर्ग, ग्रंथालयं, प्रयोगशाळा, जिथे नियम कडक; आणि वसतिगृहं, ज्यांचे नियम वेगळे. विद्यार्थी वृत्तपत्र वगळलं होतं. ही मांडणी विचारपूर्वक होती. घोटाळा झाला व्याख्येत. वंश, धर्म, लिंग वगैरेंवरून कुणालाही ‘कलंकित’ करणारं किंवा ‘बळी’ बनवणारं बोलणं शिक्षेस पात्र होतं, पण कोणतं वाक्य कलंकित करतं याची कसोटी कुठेच नव्हती. सोबतच्या मार्गदर्शक पुस्तिकेत तर ‘या विषयात बायका पुरुषांइतक्या चांगल्या नसतात’ असं वर्गात म्हणणं हे उल्लंघनाचं उदाहरण म्हणून छापलं होतं. जैवमानसशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने दावा केला की वंश आणि लिंगभेदांमागच्या जैविक कारणांची चर्चा करणंही यामुळे धोक्याचं ठरेल. नुसतं दुखावणारं आणि कलंकित करणारं बोलणं वेगळं कसं करणार, असं न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा विद्यापीठाच्या वकिलाचं उत्तर होतं, ‘खूप काळजीपूर्वक’. १९८९ मध्ये संहिता रद्द झाली: मोघम, आणि गरजेपेक्षा जास्त व्यापक.

विस्कॉन्सिन विद्यापीठाने यावरून धडा घेऊन नियम व्यक्तीला उद्देशून केलेल्या बोलण्यापुरता मर्यादित केला. तोही १९९१ मध्ये पडला. असाच नियम करणारं कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड विद्यापीठ खासगी आहे, त्यामुळे पहिली दुरुस्ती त्याला थेट लागू नाही. पण कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये खासगी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनाही तेच संरक्षण देणारा कायदा केला आणि १९९५ मध्ये स्टॅनफर्डचा नियम राज्याच्या कोर्टात हरला. बाकीच्या राज्यांत खासगी संस्थेला बहुधा तिच्याच नियमपुस्तिकेतली वचनं बांधून ठेवतात.

मग सरकारी विद्यापीठाच्या हातात काय उरतं? खरी धमकी, तात्काळ हिंसेची चिथावणी, मालमत्तेची नासधूस आणि छळ. यातला छळ सगळ्यात कठीण. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणाप्रमाणे केंद्राचा निधी घेणाऱ्या संस्थेला वंशावरून होणारा छळ थांबवावाच लागतो. नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी सुप्रीम कोर्टाने लिंगाधारित छळाच्या १९९९ च्या खटल्यात ठरवलेली कसोटी वापरली जाते: वागणं गंभीर, व्यापक ‘आणि’ वस्तुनिष्ठपणे आक्षेपार्ह हवं. केंद्रीय शिक्षण खात्याच्या १९९४ च्या सूचनांत मात्र गंभीर, व्यापक ‘किंवा’ सततचं एवढं पुरतं. या एका अव्ययात विद्यापीठं अडकतात: शिक्षा केली तर विद्यार्थ्याचा खटला, दुर्लक्ष केलं तर खात्याची चौकशी. सुटका त्यांनी उगाच एक केलेल्या दोन गोष्टी वेगळ्या करण्यात आहे. ज्याच्यावर हल्ला झाला त्याला मदत करायला, खोली बदलून द्यायला, प्रशासनाने जाहीर निषेध करायला बोलणाऱ्याचा दोष सिद्ध व्हावा लागत नाही. शिक्षेसाठी मात्र कोणाला उद्देशून, किती वेळा, कुठे, आणि त्यामुळे शिकण्यात नेमका कोणता अडथळा आला, याची तारीखवार नोंद लागते. ती बहुतेकदा केलेलीच नसते.

मार्च २०१५ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाच्या एका फ्रॅटर्निटीतल्या (मुलांच्या निवडक सभासदांच्या क्लबातल्या) काही मुलांचा बसमधला वंशद्वेषी गाण्याचा व्हिडिओ बाहेर आला. अध्यक्षांनी काही दिवसांतच दोघांना काढलं. ते गाणं किळसवाणं होतं यात शंका नाही, तरी अनेक घटनातज्ज्ञांनी ही कारवाई कोर्टात टिकणार नाही असं सांगितलं. त्या फ्रॅटर्निटीत कृष्णवर्णीयांना प्रवेश नाकारला जातो का, याची चौकशी करणं हा मार्ग जास्त भक्कम होता, कारण भेदभावाच्या कृतीला बोलण्याचं संरक्षण नाही.

बाहेरच्या वक्त्याचा प्रश्न वेगळा, तो पैशांचा. १९८७ मध्ये जॉर्जियातल्या फोर्साइथ काउंटीत नागरी हक्कांच्या मोर्चासाठी पोलीस बंदोबस्तावर प्रचंड खर्च झाला, म्हणून काउंटीने मोर्चांवर शुल्क लावलं. ते शुल्क पुढे एका गौरवर्णीय वर्चस्ववादी संघटनेने आव्हान देऊन पाडलं: विरोधक किती चिडतील यावर वक्त्याचं शुल्क ठरवता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९९२ मध्ये म्हटलं. म्हणूनच ऑक्टोबर २०१७ मध्ये रिचर्ड स्पेन्सर हा श्वेत राष्ट्रवादी फ्लोरिडा विद्यापीठात बोलला, तेव्हा त्याच्या बाजूने १०,५६४ डॉलर भाडं वगैरे भरलं गेलं, आणि बंदोबस्ताचा पाच लाख डॉलरहून अधिक खर्च विद्यापीठावर आणि सरकारी यंत्रणांवर पडला.