रानडुकराचा सुळा आणि शिकारी कुत्र्याचे जाकीट

नर रानडुकराचे सुळे आयुष्यभर वाढत राहतात. वरचे सुळे आखूड आणि बाहेर वळलेले असतात. जबडा हलला की खालचे लांब सुळे त्यांच्यावर घासतात आणि त्यांची धार कायम राहते. कोंडीत सापडलेले डुक्कर मान खाली घालून पुढे घुसते आणि डोके झटक्याने वर उचलते. समोर कुत्रा असेल तर तो घाव छातीवर, बगलेत, गळ्यावर किंवा कुशीत बसतो. कातडीवरची चीर दोन बोटांची दिसते, पण आत फुप्फुसापर्यंत भोक गेलेले असू शकते. मादीचे सुळे लहान असतात. ती चावते, आणि तिचा चावाही हाडापर्यंत जातो.

डुकराच्या शिकारीत कुत्रा जिथे जिथे पुढे केला जातो, तिथे त्याला जाकीट आणि रुंद गळपट्टा कोणता घालायचा हा वाद चालतो. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये तर तो रोजचाच. केव्हलार या चिवट कृत्रिम धाग्याच्या कापडाचे थर किती, पट्टा किती रुंद, बक्कल की वेल्क्रो, यावर माणसे तासन्‌तास बोलतात. या साधनांचा इतिहास चाळताना मला मात्र एक गोष्ट वारंवार दिसते. कापड किती चिवट आहे याच्याइतकाच ते अंगावर कुठे संपते, कुठे घासते आणि कुत्र्याला धापा टाकू देते का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. तो फार जुनाही आहे.

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला ग्रीक लेखक झेनोफन याने शिकारीवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात कुत्र्याच्या पट्ट्याबद्दल त्याची पहिली अट अशी की तो मऊ आणि रुंद असावा, म्हणजे मानेवरचे केस घासले जाणार नाहीत. रानडुकराच्या शिकारीसाठी त्याने चार प्रकारचे कुत्रे सांगितले आहेत आणि त्यांत पहिले नाव भारतीय कुत्र्यांचे आहे. आपल्याकडच्या कोणत्या जातीचे, ते तो सांगत नाही, पण इथल्या कुत्र्यांची कीर्ती तेव्हाच ग्रीसपर्यंत पोचलेली होती हे नक्की. डुकराला जाळ्यात रेटून भाल्याने मारायचे, अशी ती पद्धत. तीत बरेच कुत्रे मरतात आणि शिकाऱ्याचाही जीव धोक्यात असतो, हे झेनोफन स्पष्ट लिहितो. जाकिटाचा मात्र त्यात पत्ता नाही.

गळा वाचवणाऱ्या पट्ट्याचे नेमके वर्णन रोमन लेखक वॅरोच्या शेतीवरच्या ग्रंथात मिळते. हा ग्रंथ ख्रिस्तपूर्व ३७ च्या सुमाराचा. मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्याला जाड कातड्याचा, बाहेरच्या बाजूला खिळे असलेला पट्टा घालावा, आणि खिळ्यांच्या माथ्यांखाली मऊ कातड्याचे अस्तर शिवावे म्हणजे लोखंड मानेला टोचणार नाही, असे तो सांगतो. लांडग्याने एकदा तोंड मारून खिळे टोचून घेतले की पट्टा नसलेल्या कुत्र्यांच्याही तो वाटेला जात नाही, असेही निरीक्षण त्याने नोंदवले आहे. शिवणाऱ्याने आधी कुत्र्याच्या मानेचा विचार केला आणि मग लांडग्याच्या दातांचा, म्हणून हे अस्तर मला फार मोलाचे वाटते.

तो पट्टा पुढे लुप्त झाला नाही. इटली आणि स्पेनच्या डोंगरांत तो टिकला. हिमालयातले मेंढपाळ बिबट्यापासून कुत्रा वाचावा म्हणून आजही लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये पुणे जिल्ह्यातल्या पिंपरखेडच्या शेतकऱ्यांनी बिबट्याच्या भीतीने स्वतःच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातले, ती छायाचित्रे आपण सगळ्यांनी पाहिली. डुकरापुढे मात्र या खिळ्यांचा उपयोग नाही. डुक्कर गळा धरत नाही, खालून वर चिरत जाते. त्याला अडवायला पट्टा काटेरी नव्हे, रुंद आणि चिवट लागतो.

जाकीट आले ते मध्य युरोपातल्या राजेरजवाड्यांच्या शिकारीतून. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या तिकडच्या चित्रांत आणि भिंतपटांत डुकराभोवती झुंबड केलेल्या कुत्र्यांपैकी काहींच्या अंगावर टीप मारलेली जाड जाकिटे दिसतात. तागाचे किंवा सुती जाड कापड, आत लोकर किंवा केसांचा भराव आणि वरून गोधडीसारखे उभे-आडवे टाके. जर्मन संस्थानांत छाती-पोटाखाली आधाराला देवमाशाच्या जबड्यातल्या लवचिक पट्ट्याही घालत. भरावात सुळा अडखळतो, त्याचा जोर पसरतो आणि चीर उथळ होते, एवढेच त्यामागचे गणित. माद्रिदच्या राजशस्त्रागारात कुत्र्याचे धातूच्या पट्ट्यांचे चिलखतही आहे, पण ते दरबारी वैभवाचे लेणे. डोंगरात धावायचे असते तेव्हा टीप मारलेले कापडच कामाला येते.

ही जाकिटे सगळ्या कुत्र्यांच्या नशिबी नव्हती. गावोगावच्या शेतकऱ्यांकडून आणि खाटकांकडून आणलेले दांडगे कुत्रे आधी सोडले जात. ते फाटले गेले तरी दरबाराला त्याची खंत नसे. मालकाच्या दालनात झोपणारे लाडके कुत्रे नंतर सोडत, डुक्कर थकल्यावर, आणि जाकीट त्यांच्याच अंगावर असे. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त गरज, तोच उघडा. पुढे बंदुका सुधारल्या, युरोपात रानडुकरे कमी झाली, संस्थानांचे शिकारखाने मोडले आणि या जाकिटांची जागा संग्रहालयात गेली.

अमेरिकेत मुळात रानडुक्करच नव्हते. १५३९ मध्ये हर्नांडो डी सोटो फ्लोरिडात उतरला, तेव्हा त्याच्या ताफ्याबरोबर डुकरे होती. वाटेत ती वाढली, काही पळाली. पुढच्या वसाहतकारांनी तर डुकरे रानात मोकळी सोडायची आणि हिवाळ्यात कुत्र्यांकडून गोळा करायची असा रिवाजच ठेवला. लुईझियानाचा काटाहुला कुत्रा याच कामात तयार झाला, आणि १९७९ मध्ये तो त्या राज्याचा अधिकृत कुत्रा ठरला. १९१२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात शिकारीच्या हौसेखातर युरोपातले खरे रानडुक्कर कुंपणात आणून सोडले. कुंपण टिकले नाही आणि दोन रक्तांची सरमिसळ झाली. आज त्या देशात तीसहून अधिक राज्यांत मिळून साठ लाखांच्या आसपास रानटी डुकरे आहेत. शेतीचे नुकसान एवढे वाढले की २०१४ मध्ये तिथल्या कृषी खात्याने राष्ट्रीय पातळीवर नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला. मोठ्या पिंजऱ्यांनी कळपच्या कळप पकडले जातात. पिंजऱ्याला सरावलेली, न फसणारी डुकरे उरतात आणि तिथे कुत्रे कामाला येतात.

या कुत्र्यांत दोन कामे असतात आणि जाकिटाची सगळी निवड त्या दोन कामांवर बेतलेली आहे. माग काढणारे कुत्रे मैलोन्‌मैल धावतात, डुक्कर अडवतात आणि अंतर राखून भुंकत राहतात. धरणारा कुत्रा, बहुधा बुलडॉग किंवा पिटबुल रक्ताचा, शिकाऱ्याच्या हातात साखळीला असतो. तो शेवटी सोडायचा. तो थेट जाऊन डुकराचा कान धरतो, मग माणसाने पोचून सुरी चालवायची. पहिल्याला हलका पट्टा आणि फार तर छातीपुरते कवच पुरते. दुसऱ्याला छाती, कुशी आणि पोट झाकणारे जड जाकीट लागते, कारण त्याची धाव काही मिनिटांची पण तो सुळ्याच्या अगदी तोंडाशी असतो. जड जाकीट धावणाऱ्या कुत्र्याला घालणे मला घातकच वाटते.

साहित्याची कथा थोडक्यात अशी. आधी शिकारी आग विझवण्याचा जुना कापडी पाइप, गाडीच्या सीटबेल्टची पट्टी, हाताला येईल ते दाभणाने शिवत. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या कवचासाठी निघालेले जाड नायलॉनचे विणकाम नंतर नागरी बाजारात उतरले. १९६५ मध्ये ड्यूपाँट कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांच्या संशोधनातून केव्हलार जन्मले. तेवढ्याच वजनाच्या पोलादापेक्षा हा धागा पाचपट ताकदवान. मात्र बंदुकीची गोळी थांबवणारे विणकाम टोकदार वस्तूला थांबवेलच असे नाही, कारण टोक धाग्यांमधून वाट काढते. शिवाय उन्हाने केव्हलारची ताकद घटते. म्हणून चांगल्या जाकिटात ते नायलॉनच्या दोन थरांच्या मध्ये दडवलेले असते. केव्हलार म्हणून विकले जाणारे प्रत्येक जाकीट हे पथ्य पाळतेच असे नाही.

बगल हा जाकिटाचा खरा कस. पुढच्या पायाला मोकळी फेक मिळावी म्हणून तिथे कापड खोल कापावे लागते, आणि नेमक्या त्याच उघड्या जागेतून सुळा छातीत शिरतो. कापड वर चढवले तर ओल्या गवतात तासभर धावल्यावर बगल सोलवटते आणि कुत्रा लंगडतो. ढिले जाकीट झुडपात अडकते, डुकराचा सुळाही त्यात गुंततो आणि कुत्रा त्याच्याशीच बांधला जातो. घट्ट जाकिटात बरगड्या फुलत नाहीत. आणि उष्णतेचे काय? कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही, तापलेला कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच उष्णता बाहेर टाकतो. शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सियसच्या वर गेले की उष्माघाताने जीव जाऊ शकतो. टेक्सासच्या उन्हाळ्यात शिकार रात्री चालते, त्यामागे हेही एक कारण आहे.

गळ्यावरची गर्दी अलीकडची. आधी रेडिओ लहरींचे पट्टे आले. शिकारी हातात अँटेना फिरवत कुत्र्याची दिशा शोधत. या शतकाच्या पहिल्या दशकात जीपीएसचे पट्टे आले आणि कुत्रा नकाशावर दिसू लागला. हरवलेल्या, जखमी कुत्र्यापर्यंत वेळेत पोचता येते, म्हणून माझ्या मते कोणत्याही कवचाइतकेच जीव या यंत्राने वाचवले असतील. पण त्याच मानेवर सुळ्यापासून वाचवणारा रुंद पट्टाही हवा असतो. दोन्ही एकावर एक चढले तर श्वासनळी दाबली जाते किंवा रुंद पट्टा सरकून गळ्यातली मुख्य रक्तवाहिनीच उघडी पडते.

युरोपात रानडुकरे पुन्हा वाढली तशी जाकिटेही परतली. जर्मनीत आता ती भडक नारिंगी असतात, गोळी चुकून कुत्र्याला लागू नये म्हणून. स्वीडनमध्ये लांडग्यांपासून कुत्रा वाचावा म्हणून काटेरी आणि विजेचा झटका देणारी जाकिटेही वापरात आली. वॅरोचा खिळ्यांचा पट्टा तिथे पाठीवर चढला आहे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे. पीक नासवणाऱ्या डुकरांचा बंदोबस्तही वनखात्याच्या परवानगीनेच करता येतो. कुत्रे घेऊन रानात शिरणे त्यात बसत नाही, जाकीट घातले तरी नाही. पण कोकणात किंवा विदर्भात रात्री शेतात शिरलेल्या डुकरावर राखणीचा कुत्रा आपण होऊन धावतो, आणि सकाळी त्याची कूस फाटलेली असते. पोट फाटले असेल तर बाहेर आलेले आतडे आत ढकलायचे नाही. स्वच्छ ओल्या फडक्याने झाकून तडक जनावरांच्या दवाखान्यात न्यायचे. छातीवर भोक असेल आणि कुत्रा उथळ श्वास घेत असेल तर घाई आणखी. जखम किरकोळ दिसली तरी डॉक्टरांना दाखवायची, कारण सुळा कातडीखाली किती आत गेला ते केसांतून कळत नाही.

आणि काही धोके कापडाने अडतच नाहीत. अमेरिकेतल्या रानटी डुकरांत स्यूडोरेबीज हा विषाणू आढळतो. डुकराला चावलेल्या किंवा त्याचे कच्चे मांस खाल्लेल्या कुत्र्याला तो झाला तर लक्षणे दिसल्यापासून एक-दोन दिवसांत कुत्रा मरतो, उपचार नाही. तिथले जाणते शिकारी म्हणूनच जाकीट उतरवल्यावर आधी कुत्र्याचे सगळे अंग चाचपतात, आणि डुक्कर सोलताना कुत्रे लांब बांधून ठेवतात.