दोन परदेशी भाषा सोबत शिकल्या तर दोन्ही कच्च्या राहतात?

‘एका वेळी एकच परदेशी भाषा शिका, नाहीतर दोन्हींची खिचडी होते’ हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. भीती अगदीच बिनबुडाची नाही. स्पॅनिश आणि इटालियनसारख्या जवळच्या भाषा एकदम सुरू केल्या तर शब्द एकमेकांत घुसतात. जर्मन-जपानीत हे फार कमी. पण घुसणं म्हणजे विसरणं नव्हे. मेळघाटातलं पोरगं घरी कोरकू, बाजारात हिंदी, शाळेत मराठी बोलतं. (लहानपणची गोष्ट वेगळी, मान्य.)

खरी अडचण वेळेची, त्याहून वाटणीची. तोच अभ्यास एका दमात उरकण्यापेक्षा थोडाथोडा केला तर जास्त टिकतो, हे १८८५ पासून प्रयोगांत दिसत आलंय. घरीच पडताळा: २० नवे शब्द रोज १० मिनिटं असे सहा दिवस पाठ करा. तितकेच अवघड दुसरे २० शब्द सहाव्या दिवशी सलग तासभर. मग आठ दिवस वहीला हात लावू नका आणि न बघता लिहून काढा. फरक वहीतच दिसेल.

कापूस वेचणीच्या दिवसांत वेळ कमी, तेव्हा तर सोपं: नवा धडा एकाच भाषेचा, दुसरीची फक्त उजळणी. वेचणी सरली की अदलाबदल.