विंडोज ८ खरंच लवकर सुरू व्हायची का? ‘बूट टाइम’ची पार्श्वभूमी

विंडोजच्या दोन आवृत्त्यांची तुलना निघाली की पहिला प्रश्न बूट टाइमचा, म्हणजे मशीन सुरू व्हायला लागणाऱ्या वेळाचा. विंडोज एक्सपीच्या काळात डेस्कटॉप दिसला की लोक घड्याळ थांबवत. प्रत्यक्षात मागे सेवा (पडद्याआड चालणारे प्रोग्राम) लोड होत असत, डिस्क खडखडत राही आणि काहीही उघडायला गेलं तर ताटकळावं लागे. २००७च्या व्हिस्टापासून इव्हेंट लॉग (विंडोजची घडामोडींची नोंदवही) हे दोन टप्पे वेगळे नोंदवू लागला: डेस्कटॉप येईपर्यंतचा वेळ आणि त्यानंतर मशीन शांत होईपर्यंतचा.

खरा घोळ झाला तो २०१२मध्ये, विंडोज ८च्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे. यात ‘शट डाउन’ केल्यावर आपलं लॉगिन बंद होतं, पण कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम) ज्या स्थितीत असतात ती स्थिती डिस्कवरच्या हायबरनेशन फाइलमध्ये लिहून ठेवली जाते. पुढच्या वेळी तीच उचलून मेमरीत घेतली जाते. हे अर्धं हायबरनेशनच झालं; पूर्ण हायबरनेशनमध्ये उघडे प्रोग्रामही असेच जपले जातात. विंडोज ७ मात्र दर वेळी सगळं नव्याने लोड करायची. तरीही दोन्ही आकडे ‘बूट टाइम’ म्हणूनच शेजारी छापले गेले, आणि ८ कितीतरी वेगवान ठरली. सोय उत्तमच होती, पण शब्द जुनाच ठेवून त्यामागची क्रिया बदलणं चुकीचं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. रोज मशीन बंद करणाऱ्यालाही टास्क मॅनेजरमधला ‘अप टाइम’ (मशीन किती वेळ सुरू आहे तो आकडा) कित्येक दिवसांचा दिसतो, तो याच कारणाने. ‘रीस्टार्ट’ला ही युक्ती लागू नाही, शिफ्ट दाबून शट डाउन केलं तरी मशीन पूर्ण बंद होतं. तुलना करायची तर अशीच करायला हवी होती.

त्याच वर्षांत एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान ड्राइव्ह) स्वस्त होत गेल्या. नव्या लॅपटॉपमध्ये नवी विंडोज आणि एसएसडी एकदमच आल्या, आणि एसएसडीचं श्रेय बऱ्याचदा विंडोजला गेलं.

पुढे आवृत्तीचा आकडाही पुरेनासा झाला. जानेवारी २०१८मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा त्रुटी उघड झाल्या. त्यांच्या पॅचनंतर जुन्या प्रोसेसरवर तीच विंडोज मंदावली. २०२१च्या विंडोज ११मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ हे कर्नलमध्ये घातक कोड शिरू न देणारं संरक्षण कोऱ्या इन्स्टॉलवर, हार्डवेअर योग्य असेल तर, आपोआप सुरू होतं, पण १०वरून अपग्रेड केलेल्या मशीनवर ते बंदच राहू शकतं. ते सुरू असलं की वेग थोडा घटतो आणि गेममध्ये हा फरक जाणवतो. त्यामुळे कुणी १० आणि ११चे आकडे दाखवले, तर मी आधी विचारतो: इन्स्टॉल कोरं होतं की अपग्रेड?